मॅडावास्का–एडमंडस्टन : लगदा कॅनडात, कागद अमेरिकेत, मधून नदी

नदीकाठ (धागाकर्ती)

अमेरिकेच्या मेन राज्याच्या अगदी उत्तर टोकाला, सेंट जॉन नदीच्या दक्षिण काठावर मॅडावास्का हे गाव आहे. समोरच्या काठावर, मॅडावास्का नदी सेंट जॉनला मिळते तिथे, कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांताचं एडमंडस्टन. एडमंडस्टनमध्ये लाकडाचा लगदा तयार होतो आणि तो न वाळवता, पाण्यात कालवलेला असा पाइपातून नदी आणि देशाची हद्द दोन्ही ओलांडून मैलभर पलीकडच्या मॅडावास्काच्या कागद-यंत्रांवर जातो. मॅडावास्काची पेपर मिल १९२५ ची. त्यानंतर मालक बदलले, कागदाचे प्रकार बदलले, पण लगदा त्या काठावर आणि कागद या काठावर ही वाटणी टिकली.

इथल्या अकाडियन लोकांविषयी बोलताना आपण बहुतेकदा १७५५ च्या हकालपट्टीपाशी थांबतो. ब्रिटिशांनी नोव्हा स्कोशियातून हुसकावलेल्या या फ्रेंच भाषकांपैकी काही जण सेंट जॉनच्या खालच्या खोऱ्यात, आजच्या फ्रेडरिक्टनच्या आसपास स्थिरावले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर, १७८३ पासून, ब्रिटनच्या बाजूने राहिलेल्या राजनिष्ठ निर्वासितांना तिथल्या जमिनी मिळू लागल्या आणि अकाडियनांना पुन्हा उठावं लागलं. १७८५ मध्ये त्यांची कुटुंबं नदीच्या वरच्या अंगाला, ग्रँड फॉल्सच्या धबधब्यापलीकडे आली. क्वेबेकच्या कामुरास्का भागातली कुटुंबंही त्यांच्यात मिसळली. शेतं नदीला काटकोनात, अरुंद आणि लांब पट्ट्यांची, म्हणजे प्रत्येकाला पाण्याचा काठ, सपाट जमीन आणि मागे जंगल मिळावं. वस्ती दोन्ही काठांवर एकच होती. १८४२ च्या वेब्स्टर–ॲशबर्टन तहाने नदीलाच हद्द केलं आणि काका एका देशात, पुतण्या दुसऱ्या देशात अशी स्थिती झाली.

ही वस्ती गव्हाची, बकव्हीटची (कुट्टूची) आणि पुढे बटाट्याची शेती करणारी. तिथे एवढा मोठा कारखाना का आणि कसा उभा राहिला? माझं म्हणणं असं की तो हद्दीमुळेच उभा राहिला. ज्या रेषेने गाव दुभंगलं त्याच रेषेने त्याला रोजगार दिला. जाणकारांनी यात भर घालावी, चुकत असेल तर खोडावं. कारखान्याच्या आत काय होतं हेही सविस्तर यावं अशी इच्छा आहे.

जकातनाका

धागा उत्तम. हद्दीचा मुद्दा पटतो. फक्त ‘हद्द’ म्हणजे नेमके कोणते कायदे, हे उलगडायला हवं.

सुरुवात १८४२ च्या तहातच आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाने मेनमध्ये तोडलेलं लाकूड सेंट जॉनमधून समुद्रापर्यंत मोकळेपणाने वाहून न्यायची परवानगी दिली. उताराला ब्रिटिश मुलुख होता, म्हणजे अमेरिकन ओंडके परदेशी बंदरात, सेंट जॉन शहरात, चिरले जाणार. मग १८६६ च्या पाइक कायद्याने अशा लाकडाला, ते अमेरिकन नागरिकांच्या मालकीचं असेल तर, चिरल्यावर अमेरिकेत परत येताना शुल्क माफ केलं. त्यामुळे कित्येक दशकं वरच्या खोऱ्यातलं लाकूड गावांसमोरून वाहत गेलं आणि चिराईची मजुरी शेकडो किलोमीटर खाली, नदीच्या मुखाशी पडत राहिली. ही सवलत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपली, तेव्हा कुठे लाकूड वर अडवून तिथेच चिरणं फायद्याचं झालं.

त्यानंतर दोन्ही देशांचे नियम एकमेकांत अडकले. न्यू ब्रन्सविकने १९११ मध्ये सरकारी जंगलातलं लगद्याचं लाकूड कच्च्या रूपात प्रांताबाहेर न्यायला बंदी केली. ओंटारिओने ते १९०० मध्ये आणि क्वेबेकने १९१० मध्ये केलं होतं. उलट बाजूने अमेरिकेने १९१३ च्या अंडरवुड शुल्क कायद्यात लगदा आणि वर्तमानपत्री कागद शुल्कमुक्त केला, पण लिहिण्या-छापण्याच्या चांगल्या कागदावर शुल्क ठेवलं. १९२२ च्या कायद्यानेही ती भिंत राखली.

आता हे एकत्र ठेवून पाहा. सरकारी जंगलातला ओंडका कॅनडाबाहेर जाऊ शकत नाही. चांगला कागद अमेरिकेत शुल्काशिवाय येऊ शकत नाही. मोकळेपणाने हद्द ओलांडू शकणारा एकच माल उरतो, तो मधल्या टप्प्यावरचा : लगदा. म्हणजे लाकूड शिजवायचं उत्तर काठावर आणि कागद ओढायचा दक्षिण काठावर. पाइप कुठून कुठे जायचा हे या नियमांनी ठरवलं.

मेघना_क

फार छान समजावलंत. दोन शंका. लगदा वाळवून, गठ्ठे बांधून रेल्वेने का नेला नाही? तसा तर तो न्यूयॉर्कजवळच्या गिरणीतही गेला असता, मग मॅडावास्काच का? आणि पाइपातून लगदा नेणं म्हणजे पाणी नेण्यासारखंच सोपं असतं का?

लगदाकागद

मेघनाताई, दुसरा प्रश्न कळला की पहिल्याचं उत्तर आपोआप मिळतं, पण पहिला आधी घेतो.

लगदा वाळवायला खर्च येतो. प्रेसमधून बाहेर पडलेल्या लगद्याच्या पत्र्यात साधारण ४५ टक्के तंतू असतात. १ टन तंतूबरोबर १.२ टन पाणी. ते ९० टक्के कोरडेपणापर्यंत आणायचं तर टनामागे १.१ टन पाणी वाफ करून उडवावं लागतं, त्याला साधारण दीड टनापर्यंत वाफ लागते. ती वाफ म्हणजे कोळसा किंवा लाकूड. नंतर कागद गिरणीत तोच गठ्ठा पुन्हा पाण्यात घुसळायचा. एवढं करून तंतू बिघडतो तो वेगळाच. पहिल्यांदा वाळताना तंतूच्या भिंतीतली सूक्ष्म छिद्रं मिटतात आणि पुन्हा भिजवलं तरी पूर्ण उघडत नाहीत. असा तंतू कमी फुगतो, एकमेकांना कमी चिकटतो. तेवढीच ताकद हवी तर रिफायनरमध्ये, म्हणजे तंतू कुटण्याच्या यंत्रात, जास्त वीज घालावी लागते, आणि जास्त कुटलं की जाळीवर पाणी निथळायला वेळ लागतो, यंत्राचा वेग उतरतो. कधीच न वाळलेला लगदा हाती असणं ही पातळ पण मजबूत कागद करणाऱ्याची मोठी जमेची बाजू आहे. म्हणून कागद-यंत्र लगद्याला खेटून हवं, आणि ‘खेटून, पण पलीकडच्या देशात’ ही अट नदीकाठावरच पुरी होते.

आता पाइप. लगदा पाण्यासारखा वाहत नाही. आकडे घेऊन बघू. हे उदाहरणाचे आकडे आहेत, त्या गिरणीचे नव्हेत. रोज ५०० टन कोरडा तंतू न्यायचा आहे आणि कन्सिस्टन्सी, म्हणजे मिश्रणातलं तंतूंचं वजनी प्रमाण, ४ टक्के आहे. तर रोज १२,५०० टन मिश्रण ढकलावं लागेल. सेकंदाला साधारण १४५ लिटर. ३०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात वेग येतो सेकंदाला २ मीटर. १.५ किलोमीटर लांबीत कोणत्याही क्षणी १०६ घनमीटर मिश्रण आणि त्यात ४ टनांहून थोडा जास्त तंतू असतो.

४ टक्क्यांना तंतू एकमेकांत गुंतून जाळं करतात. मिश्रण पाइपात अखंड गोळ्यासारखं सरकतं आणि कडेला पाण्याचा पातळ थर राहतो. याचा विचित्र परिणाम असा की वेग निम्मा केला तरी घर्षण निम्मं होत नाही, एका टप्प्यात तर वेग कमी केल्यावर दाब वाढतो. पाण्याच्या तक्त्यावरून पंप निवडला तर तो हमखास कमी पडतो. उलट खूप वेगात गेलं की तंतूंमुळे घर्षण साध्या पाण्यापेक्षाही कमी होतं, पण तिथवर जायला वीज परवडायला हवी.

वळणं लांब त्रिज्येची लागतात, पाइप कुठेही अचानक निमुळता होता कामा नये. झडपा सरळ पात्याच्या, पूर्ण उघडणाऱ्या. ग्लोब झडप बसवली तर ती चाळणीसारखी तंतू धरते, पाणी पुढे जातं आणि मागे बुच बसतं. पंपाला उघड्या पात्यांचा इंपेलर (आतलं फिरतं चाक), आणि टाकीत नेहमी इतकी पातळी की भोवरा पडून हवा आत ओढली जाणार नाही. लगद्यात अडकलेली हवा निघता निघत नाही, पंपाच्या आत घेण्याच्या तोंडाशी साचते आणि प्रवाह तुटतो.

बर्फाळवाट

त्या भागात जानेवारीत उणे ३० अंशांपर्यंत पारा जातो. पाइप गोठत नाही?

लगदाकागद

वाहता असेपर्यंत नाही. लगदा धुण्या-चाळण्यातून येतो तेव्हा कोमट असतो आणि १.५ किलोमीटर कापायला वर धरलेल्या वेगाने साडेबारा मिनिटं लागतात. पाइपाला उष्णतारोधक वेष्टण असेल तर तेवढ्या वेळात तापमान फारसं पडत नाही. धोका असतो थांबण्याचा. पलीकडे कागद फाटला, यंत्र थांबलं, टाकी भरली, की अलीकडचा पंप बंद करावा लागतो. मिश्रण तसंच उभं राहिलं तर तंतूंचं जाळं हळूहळू आवळतं, पाणी वेगळं होतं, आणि काही तासांनी पंप लावल्यावर तो गोळा हलत नाही. दाब वाढवला तर आणखी घट्ट होतो, कारण दाबाने त्यातलं उरलंसुरलं पाणी निघून जातं. मग पाइप खोलून साफ करण्यावाचून मार्ग नाही, आणि हे नदीवर, बर्फात.

म्हणून नियम साधा : थांबायचं असेल तर आधी लगदा थांबवायचा, पाणी सोडायचं आणि सगळी लाइन पाण्याने धुऊन मग पंप बंद करायचा. त्याच उदाहरणात धुवायला १०६ घनमीटर पाणी लागेल. ते पातळ लगद्यासकट पलीकडच्या टाकीत जाणार, म्हणून पलीकडे कायम तेवढी जागा रिकामी ठेवावी लागते. टाकी काठोकाठ भरलेली असताना यंत्र बंद पडलं तर लाइन धुता येत नाही, म्हणून टाकीची वरची पातळी ठरवताना ही १०६ घनमीटरची जागा आधी वजा करतात. सुरू करताना उलटा क्रम : आधी पाणी, मग पातळ लगदा, मग पूर्ण घट्टपणा. हिवाळ्यात लांब बंदी असेल तर पाणीही काढून लाइन कोरडी करायची.

हिशेबाचाही मुद्दा आहे. पाइपातून किती माल गेला हे मोजायचं म्हणजे प्रवाह गुणिले कन्सिस्टन्सी. प्रवाहमापक बिनचूक असला तरी कन्सिस्टन्सी ४ च्या जागी ३.८ असेल तर टनेज ५ टक्क्यांनी चुकतं. यंत्र कितीही चांगलं असलं तरी दर पाळीत नमुना काढून, गाळून, भट्टीत सुकवून, वजन करून पडताळावं लागतं.

रसायनी

एवढं झालंय तर उत्तर काठावर काय शिजतं तेही लिहितो. एडमंडस्टनची लगदा गिरणी फ्रेझर कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या शेवटी उभी केली. हे फ्रेझर मूळचे स्कॉटिश, न्यू ब्रन्सविकमध्ये लाकूड चिरण्याच्या गिरण्यांतून वर आलेले. १९१७ मध्ये त्यांच्या उद्योगांची फ्रेझर कंपनीज लिमिटेड झाली. पद्धत सल्फाइटची. त्या जंगलातल्या स्प्रूस आणि बाल्सम फरला ती फार चांगली लागू पडते. पाइनला नाही. पाइनच्या गाभ्यात फिनॉल जातीची द्रव्यं असतात, ती आम्लात लिग्निनशी (लाकडातले तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणाऱ्या द्रव्याशी) जोडली जातात आणि गाभा शिजतच नाही.

जुन्या कॅल्शियम पद्धतीत गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड करतात आणि चुनखडीचे दगड भरलेल्या उंच मनोऱ्यांत तो वायू खालून, पाणी वरून सोडतात. तळाला कॅल्शियम बायसल्फाइटचं आम्ल मिळतं, त्यात मोकळा सल्फर डायऑक्साइड भरपूर. भट्टीत हवा जास्त झाली किंवा वायू सावकाश थंड झाला तर ट्रायऑक्साइड बनतो, त्यातून जिप्सम, आणि तो पाइपांत व डायजेस्टरमध्ये, म्हणजे लाकूड शिजवण्याच्या भांड्यात, खपलीसारखा धरतो. म्हणून भट्टीतून निघालेला वायू झटकन थंड करायचा. लगद्याच्या टनामागे १०० ते १२५ किलो गंधक जातं. विरंजन (ब्लीच) केलेल्या टनभर लगद्याला लाकूड लागतं ५ घनमीटरांहून थोडं जास्त, कारण लाकडातला निम्म्याहून अधिक भाग आम्लात विरघळून जातो.

ढलप्या साधारण २० ते २५ मिलिमीटर लांब, ३ ते ५ मिलिमीटर जाड. डायजेस्टर म्हणजे आतून आम्लरोधक विटांचं अस्तर लावलेलं पोलादी भांडं. विटेच्या सांध्यातून आम्ल झिरपलं की पोलाद खाल्लं जातं, म्हणून अस्तराची तपासणी चुकवायची नाही. ढलप्या भरून आम्ल सोडायचं आणि तापमान ११० अंशांपर्यंत हळूहळू, दोन-तीन तास घेऊन न्यायचं. सगळं कसब इथे आहे. आम्ल ढलपीच्या गाभ्यापर्यंत पोचण्याआधी ११० च्या वर गेलात तर आतला लिग्निन विरघळण्याऐवजी घट्ट होतो, ढलपी आतून तपकिरी आणि टणक राहते. ही खेप मग कितीही वेळ शिजवा, सुधारत नाही. गाभा भिजला की १३० ते १४० अंशांना पुढचे काही तास. शिजवण्याचं पूर्ण काम ६ ते ८ तासांचं, कधी त्याहून लांब.

दुसरी डोकेदुखी राळेची. सल्फाइटचं आम्ल राळ विरघळवत नाही. ती बारीक थेंबांच्या रूपात लगद्याबरोबर पुढे जाते आणि थेट पलीकडच्या देशातल्या जाळीवर, नमद्यावर जाऊन चिकटते. कागदात भोकं पडतात. उपाय म्हणजे लाकूड तोडल्यावर काही महिने मुरू देणं, चांगलं धुणं आणि साल पूर्ण काढणं.

बदल्यात मिळतो तो लगदा मुळातच उजळ, लवकर कुटला जाणारा, पातळ आणि एकसारख्या कागदाला योग्य. फाडण्याच्या ताकदीत तो क्राफ्ट (अल्कलीत शिजवलेल्या) लगद्यापेक्षा कमी पडतो, म्हणून पोती आणि खोकी त्याची होत नाहीत. छपाईच्या कागदासाठी यात दगडावर घासून केलेला यांत्रिक लगदा मिसळतात. त्याचा उतारा नव्वद टक्क्यांहून अधिक, अपारदर्शकता छान, पण वीज प्रचंड लागते आणि उन्हात तो पिवळा पडतो.

रूळबंधू

सगळे प्रतिसाद वाचले, अभ्यासपूर्ण आहेत. पण धागाकर्तीच्या मूळ विधानाशी मी पूर्ण सहमत नाही. हद्द १८४२ पासून होती, कारखाना आला १९२५ मध्ये. मधली ८० वर्षं काय झालं? रूळ नव्हते. एडमंडस्टनला कॅनडाच्या बाजूने रेल्वे १८७० च्या दशकाच्या शेवटी पोचली, १८८० च्या दशकाच्या शेवटी क्वेबेकमधल्या रिव्हिएर-दु-लूपहून टेमिस्कुआटा रेल्वेचा मार्ग आला, आणि पुढे नॅशनल ट्रान्सकॉन्टिनेंटल रेल्वेचे रूळ. मेनच्या बाजूला मात्र बँगर अँड अरूस्टुक कंपनीची स्थापनाच १८९१ ची. तिची नदीकाठची शाखा मॅडावास्कापर्यंत येईतो १९१० उजाडलं. त्याआधी दक्षिण काठावर कागद बनवला असता तरी तो बॉस्टन-न्यूयॉर्कला नेणार कसा? पलीकडच्या रुळांवर चढवला असता तर तो परदेशातून फिरून आला असता. बटाट्यांनीही या रेल्वेची वाट पाहिली. रूळ येईपर्यंत अरूस्टुकचा (मेनच्या या उत्तर भागाचा) बटाटा मोठ्या प्रमाणात जागीच स्टार्चच्या कारखान्यांत जायचा.

कागदाचं अर्थशास्त्र साधं आहे. ओंडका नदीने फुकट येतो, कागदाला कोरडा डबा लागतो. ज्या काठावर अमेरिकन बाजाराकडे जाणारा डबा उभा राहतो, तिथेच कागद-यंत्र येणार.

नदीकाठ

रूळबंधू, तुमचा मुद्दा मान्य. रेल्वेशिवाय १९२५ शक्यच नव्हतं. तरीही एक सांगते. रूळ फोर्ट केंट आणि व्हॅन ब्युरेनलाही होते, जंगल तिथेही होतं. कागद गिरणी मॅडावास्कालाच आली, कारण समोर एडमंडस्टनची लगदा गिरणी आधीच उभी होती. ती तिथे होती कारण मॅडावास्का नदीचं पाणी आणि वीज तिथे होती, वरच्या जंगलांतून ओंडके तिथे वाहून येत होते आणि कॅनडाचे रूळ तिथे मिळत होते. म्हणजे उत्तर काठाची जागा निसर्गाने आणि रेल्वेने निवडली, आणि दक्षिण काठाची जागा उत्तर काठाने. जकातनाका यांनी सांगितलेले कायदे नसते तर कागद-यंत्रंही एडमंडस्टनमध्येच बसली असती, मॅडावास्का हे बटाट्याचं गाव राहिलं असतं.

अंजोर

कामगारांविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण गिरणी चालवली ती या लोकांनी.

दोन्ही काठांवर एकाच आडनावांची घरं आहेत : सिर, डेगल, तिबोदो, एबेर. पाळ्यांची गिरणी आली तेव्हा शेतावरची मुलं गिरणीत गेली. आणि नेमक्या त्याच काळात, १९१९ मध्ये, मेन राज्याने शाळेत इंग्रजीतूनच शिकवायचं असा कायदा केला. फ्रेंच हा परभाषेचा विषय म्हणूनच शिकवता यायचा. घरात फ्रेंच, यंत्रावर फ्रेंच, आणि शाळेच्या आवारात फ्रेंच बोललं तर मुलांना शिक्षा. हे निर्बंध १९६० च्या दशकाच्या शेवटी सैल झाले. समोरच्या काठावर तीच भाषा शाळेत शिकवली जात होती. तरीही २००० च्या जनगणनेत मॅडावास्कातले पाचांपैकी चारांहून अधिक लोक घरी फ्रेंच बोलत होते. यात गिरणीचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. पोटासाठी कनेटिकट-मॅसॅच्युसेट्सच्या शहरांत गेलेल्या फ्रेंच भाषक घरांत दोन-तीन पिढ्यांत भाषा विरली. इथे काम घराशेजारी होतं, म्हणून समाज एकत्र राहिला.

अर्थात ते काम आटत गेलं तसं गावही आटलं. २०१० मध्ये मॅडावास्काची लोकसंख्या ४,०३५ होती, २०२० मध्ये ३,८६७. एडमंडस्टन १६ हजारांच्या वर आहे, कारण तिथे विद्यापीठाची शाखा, इस्पितळ, दुकानं असं बरंच काही आहे. एका गिरणीवर उभं असलेलं गाव आणि अनेक आधारांवरचं शहर यातला हा फरक.

हिरवागार

आणि नदी? रसायनी, निम्म्याहून अधिक लाकूड विरघळतं म्हणालात. ते विरघळलेलं कुठे गेलं?

रसायनी

योग्य जागी बोट ठेवलंत. अनेक दशकं ते नदीत गेलं. फक्त इथेच नाही, कॅल्शियम सल्फाइटच्या जवळजवळ सगळ्या गिरण्यांचं हेच झालं. त्या काळ्या-तपकिरी द्रवात लिग्नोसल्फोनेट (आम्लात विरघळलेलं लिग्निन) आणि साखरा असतात. साखरा कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात आणि मासे गुदमरतात. हिवाळ्यात नदीवर बर्फाचं झाकण असताना आणखी वाईट, कारण वरून हवा मिसळत नाही. सोबत तंतू आणि सालीचा थर तळाशी बसतो.

तो द्रव आटवून जाळायचा तर कॅल्शियम आड येतो. आटवताना नळ्यांवर जिप्समची खपली धरते, आणि जाळल्यावर जे उरतं त्यातून रसायन परत मिळत नाही. मॅग्नेशियम वापरला तर चित्र बदलतं. द्रव साधारण ५५ टक्के घन होईपर्यंत आटवून भट्टीत फवारला की राखेत मॅग्नेशियम ऑक्साइड आणि धुरात सल्फर डायऑक्साइड वेगळे होतात. राख पाण्यात कालवायची, धूर त्यातून धुवायचा, की शिजवण्याचं आम्ल पुन्हा तयार. वाफ मिळते ती वेगळीच. उत्तर अमेरिकेत टिकून राहिलेल्या सल्फाइट गिरण्यांना हा किंवा असाच बदल करावा लागला. १९७० च्या दशकातल्या पाण्याच्या कायद्यांनी तो भाग पाडला. नफ्यासाठी आपणहून कुणी केला असता असं मला वाटत नाही.

जकातनाका

पुलाबद्दल राहिलं. एडमंडस्टन–मॅडावास्का पोलादी पूल १९२१ चा, म्हणजे कागद गिरणीपेक्षा जुना. ऑक्टोबर २०१७ मध्ये तपासणीनंतर त्यावर ५ टनांची मर्यादा घातली. मोटारी जात राहिल्या, पण मालवाहू ट्रकांना व्हॅन ब्युरेन–सेंट लेनर्ड किंवा फोर्ट केंट–क्लेअर पुलाने वळसा घ्यावा लागला. डोळ्यासमोर दिसणाऱ्या गिरणीत जाण्यासाठी कित्येक किलोमीटरचा फेरा. लगद्याला पाइप होता म्हणून तेवढं निभावलं. सुटे भाग, रसायनं, कंत्राटदारांची अवजड वाहनं यांचा मात्र प्रत्येक फेरीचा खर्च वाढला. नवा पूल २०२४ मध्ये खुला झाला.

आणखी एक नोंद. २०१८ मध्ये अमेरिकेने कॅनडातून येणाऱ्या यांत्रिक लगद्याच्या, लेप नसलेल्या कागदावर तात्पुरतं शुल्क लावलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ते रद्द ठरवलं. हे काही महिने कॅनडातल्या कागद गिरण्यांना फार कठीण गेले. कागद-यंत्र दक्षिण काठावर असण्याचा १९२५ चा तर्क शंभरीला टेकतानाही कालबाह्य झालेला नाही.

मेघना_क

सगळ्यांचे मनापासून आभार. आज गिरणी कोणाची आहे, आणि कागद कोणता बनतो?

लगदाकागद

फ्रेझरमध्ये १९७४ मध्ये नोरांडा या कॅनडातल्या खाण कंपनीने मोठा हिस्सा घेतला. २००४ मध्ये फ्रेझर पेपर्स ही वेगळी कंपनी झाली. जून २००९ मध्ये तिने दिवाळखोरी संरक्षण मागितलं. २०१० मध्ये एडमंडस्टन, मॅडावास्का आणि प्लास्टर रॉकची लाकूड गिरणी मिळून ट्विन रिव्हर्स पेपर कंपनी निघाली. प्लास्टर रॉकला ओंडके चिरताना कडेचा भाग निघतो, त्याच्या ढलप्या होतात. त्यामुळे लाकडाच्या बाजारात मंदी आली आणि चिराई थांबली की लगद्याच्या कच्च्या मालालाही ओढ लागते. ही साखळी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मॅडावास्काने एके काळी सिअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या जाडजूड कॅटलॉगचा कागद पुरवला. तो बाजार गेला. आता भर आहे तो कमी वजनाच्या विशेष कागदांवर : औषधाच्या खोक्यातली घडीची माहितीपत्रकं, खाद्यपदार्थांची वेष्टणं, लेबलं. माहितीपत्रकाचा कागद अतिशय पातळ हवा, पण मागची छपाई पुढे दिसता कामा नये आणि यंत्राने अनेक घड्या घालताना फाटता कामा नये. अपारदर्शकतेसाठी कॅल्शियम कार्बोनेटचा भराव घालतात, आणि इथे उत्तर काठ पुन्हा आठवतो. सल्फाइट लगदा नीट धुतला गेला नाही आणि आम्ल अंशानेही राहिलं, तर कार्बोनेट विरघळून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. यंत्राच्या तोंडाशी फेस येतो, कागदात टाचणीएवढी भोकं पडतात, भराव जाळीतून निसटतो. म्हणून मॅडावास्काच्या टाकीत लगदा पडल्यावर आधी त्याचा सामू ७ च्या वर स्थिर आहे ना हे बघायचं, मगच कार्बोनेट सोडायचा. फेस दिसू लागल्यावर फेसनाशक ओतत बसू नये. त्याने फेस दबतो, पण कार्बोनेट विरघळतच राहतो. अशा वेळी एडमंडस्टनला कळवून तिथलं धुण्याचं पाणी वाढवणं हाच खरा इलाज, आणि पाइपातला आधीचा लगदा सरून त्याचा परिणाम दिसायला किती मिनिटं लागतील तो हिशेब वर दिलेलाच आहे.

मेघना_क

साडेबारा मिनिटं, अधिक दोन्हीकडच्या टाक्यांत लगदा मुरतो तो वेळ. बरोबर ना?

लगदाकागद

अगदी बरोबर. आणि टाक्यांतला वेळच जास्त असतो.